वाळूखालची वाटी

"थांबा मावशी, जरा बोलू नका," असं म्हणत यादवनं कानावरचे डबे दोन्ही हातांनी दाबले आणि तो वाळूत गुडघ्यावर बसला.

"माझ्याच पुळणीवर मलाच गप्प बसवतोस होय रे?" मी म्हटलं, पण थांबले. डोक्यावर बोंबलांची टोपली होती आणि मागं सून होती. तीही थांबली.

त्यानं हातातली काठी वाळूवरून सावकाश इकडून तिकडं फिरवली. काठीच्या टोकाला भाकरीच्या तव्याएवढी चकती, मुठीपाशी एक डबा, आणि डब्यातून निघालेली वायर थेट त्याच्या कानात. मग त्यानं लांब दांड्याचा झारा खुपसला, वाळू उपसली, गदागदा हलवून चाळली. झाऱ्यात उरलं ते दोन बोटांत धरून उन्हाकडं केलं. बाटलीचं बूच.

"अरे वा! हिरा सापडला बघ, सुगंधा," मी म्हटलं. "आता ह्या हिऱ्याची नथ घडव म्हणावं."

"असल्या बुचांच्या ढिगाखालीच अंगठी असतीया मावशी."

"बुचांसाठी कराडहून इतक्या लांब कशाला आलास? तिकडचे लोक काय तीर्थ पितात?"

सुगंधा हसली. पदर तोंडाला लावून हसली, पण आवाज आलाच. आमच्या घरात तो आवाज बऱ्याच दिवसांत झाला नव्हता, म्हणून ती सकाळ माझ्या डोक्यात राहून गेली.

हा यादव कराडचा. टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं त्याचं, आणि वाळूतलं सोनं शोधायचा नाद होता. आमच्या वेळोशीच्या किनाऱ्यावर नवीन हॉटेल झालं होतं. तिथं आलेल्या मुंबईच्या एका नव्या नवरीची अंगठी पाण्यात खेळताना बोटातून गळाली. हॉटेलवाल्यानं ह्याला बोलावून घेतलं. पण हॉटेलातलं जेवण ह्याच्या पोटाला झेपेना आणि भाडं खिशाला. म्हणून तो माझ्या मागच्या खोलीत उतरला होता. सीझनला मी पाहुणे ठेवायची, जेवायला घालायची. मनुष्य सरळ होता. काट्याचा मासा खाता येत नव्हता, तरी न बोलता खायचा.

त्याच दिवशी दुपारी जेवताना सुगंधानं त्याला विचारलं, "दादा, ह्याच्यानं लाकूड सापडतं कं हो?"

"लाकूड न्हाई ताई. खिळं सापडत्यात, लाकडातलं. लोखंड निराळं वाजतं, घोगरं. सोनं निराळं वाजतं. लई खोल असलं तर मात्र कायच वाजत न्हाई."

"हातभर खोल असलं तर?"

"मोठं असलं तर वाजंल."

तिनं त्याच्या पानात भात वाढला आणि आत गेली. मी मान वर केली नाही. पण कान माझेही शाबूत होते.

माझा जयवंत दर्यावर गेला त्याला तेव्हा तीन वर्षं होत आली होती. कार्तिकातली गोष्ट. त्याच्या सोबतीला जाणारा खलाशी तापानं पडला, म्हणून मी म्हटलं, आज राहू दे. तो म्हणाला, "जाळं टाकून ठेवलंय, ते काय तू काढणार?" आणि एकटाच गेला. माझंच तोंड त्याला आलं होतं. दुपारी वारा फिरला. इतर होड्या परत आल्या, त्याची आली नाही. ना होडी आली, ना तो आला, ना फळी आली. नवरा माझा जयवंत लहान असतानाच काविळीनं गेला होता, पण तो माझ्या डोळ्यांदेखत, घरात गेला. त्याला मी रडून घेतलं. जयवंतला कसं रडू? रडायला काही तरी समोर लागतं.

मग कुणी म्हणालं, गुजरातच्या ट्रॉलरनं एकाला उचलला. कुणी म्हणालं, तो ट्रॉलर पाकिस्तानवाल्यांनी धरला. डहाणूकडचा एक खलाशी तिकडच्या तुरुंगातून सुटून आल्याचं कळलं, तशी मी दोन एसट्या बदलून त्याच्या दारात जाऊन बसले. त्याला फोटो दाखवला. त्यानं तो बराच वेळ हातात धरला आणि म्हणाला, "असेल आये. दाढीत माणूस वळखू येत नाय."

त्या 'असेल'वर मी घर चालवत होते. माझा पोरगा जिता आहे, हे मी गावात ठणकावून सांगत होते आणि माझ्यापुढं बोलायची कुणाची टाप नव्हती. सुगंधाचं कुंकू, हिरवा चुडा, मंगळसूत्र, सगळं जिथल्या तिथं होतं. आमच्या जमातीत हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघायची रीत. बारा वर्षं झाली की पुतळा करून जाळायचा आणि मग काय ते रडायचं. ती घरात आली तेव्हा विशीतली होती. बारा वर्षं म्हणजे किती, हे मला बोटांवर मोजता येत होतं. मी मोजत नव्हते.

दसऱ्याच्या तोंडावर सुगंधाचा बाप आला. दामोदर तांडेल. गरीब स्वभावाचा माणूस, पण त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. मला तिथंच कळलं.

"विहीणबाय, रागावू नका," बसायच्या आधीच तो म्हणाला.

"रागवण्यासारखं बोललात तर रागवीन. आधी चहा घ्या."

चहा होईपर्यंत तो टोपी मांडीवर ठेवून त्या टोपीकडंच बघत राहिला. मग म्हणाला, "उरणला एक माणूस हाय. बर्फाच्या कारखान्यात कामाला. त्याची बायको बाळंतपणात गेली, मूलही गेलं. निर्व्यसनी हाय. तो म्हणतो—"

"तो काय म्हणतो ते त्याच्या बर्फाला सांगा."

"पोरीचं वय चाललंय, विहीणबाय."

"वय कुणाचं थांबलंय? तुमचं थांबलं कं? केस काळे केलेत, मिशी पांढरीच राहिली."

त्याचा हात मिशीकडं गेला. बिचारा. पण तो हटला नाही. "जावई जिता हाय तर कुठं हाय? सांगा."

"आणि मेला हाय तर कुठं हाय? तुम्ही सांगा. दाखवा मला. जित्या माणसाची बायको दुसऱ्याच्या घरात घालता? मोठ्या रीतीचे हो तुम्ही तांडेल!"

त्यानं दाराकडं बघितलं. दाराआड सुगंधा विळीवर मासे कापत होती. "पोरी, तू तरी बोल."

"आये सांगतील तसं," ती आतून म्हणाली. विळीचा आवाज थांबला नाही.

मला ते उत्तर आवडलं. मी तांडेलला दुसरा चहा दिला, जेवायला ठेवून घेतलं, आणि रात्री राहायलाही सांगितलं. जिंकलेल्या माणसाला पाहुणचार करायला काय जातं?

त्याच संध्याकाळी यादवला अंगठी सापडली. हॉटेलवाले फटाके लावायचे तेवढे राहिले. नवरीनं म्हणे त्याच्याबरोबर फोटो काढला. मी म्हटलं, "झालं ना तुझं काम? उद्याच्या एसटीनं जाशील मग."

"उद्या न्हाई मावशी. परवा."

"का? बुचं राहिली काय?"

तो हसला नाही. खाली मान घालून पाण्याचा तांब्या घेऊन गेला.

सकाळी उठले तर सुगंधाची वळकटी गुंडाळलेली. चूल पेटलेली नव्हती. मागच्या खोलीचं दार ओढून घेतलेलं. मी पायात चपलाही न घालता निघाले. कुठं जायचं ते मला विचारावं लागलं नाही. आमच्या पुळणीच्या टोकाला खाडीचं तोंड आहे. दर्या काही नेतो ते परत द्यायचं झालं तर तिथं आणून टाकतो. त्या पावसाळ्यात तर दर्यानं तिथली वाळू कंबरभर खाल्ली होती. पूर्वी कधी न दिसलेले खडक उघडे पडले होते.

ओहोटी लागली होती. यादव पुढं काठी फिरवत चालला होता, आणि सुगंधा त्याच्या मागोमाग, लुगडं वर खोचून, झारा हातात धरून. तिनं मला बघितलं आणि तशीच उभी राहिली.

"आये, दादांना बोलू नका. मीच सांगितलं त्यांना."

"काय शोधतेस?"

"त्यांना."

"मशीन लावून? माणूस काय बाटलीचं बूच हाय?"

"एंजिन हाय. खिळे हायत. त्यांचा चांदीचा करदोडा हाय—"

"गप!" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "तुला माझा पोरगा मेलेला पाहिजे. कालच बापानं बर्फवाला आणला आणि आज तू खड्डे खणायला निघालीस."

यादवनं काठी खाली केली. सुगंधा रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही. ती म्हणाली, "मना काय तरी पाहिजे, आये. जिते असतील तर जिते पाहिजेत. नसतील तर मेलेले पाहिजेत. हे मधलं नको. सकाळी कुंकू लावायला बोट उचलते, तर कळत नाय, हे खरं लावते की खोटं. रडू येतं तेव्हा वाटतं, जित्या माणसाला रडते, माझ्या रडण्यानं त्यांचं काय तरी वाईट होईल. हसू आलं तर वाटतं, मेलेल्या माणसावर हसते. मी तीन वर्षं रडले नाय, आये. तुम्हाला ठाऊक हाय कं?"

मला ठाऊक नव्हतं. मला वाटत होतं, पोरगी धीराची आहे. मी तिचं कौतुकही करायचे चारचौघींत.

मी उभी राहिले. ती उभी राहिली. यादव बिचारा मध्ये अवघडला. हातांना काही तरी चाळा पाहिजे म्हणून त्यानं खडकाच्या कडेनं उगीचच काठी फिरवली. आणि मशीन ओरडलं. वायर डब्यातून निसटली होती, त्यामुळं आम्हा दोघींनाही ऐकू आलं. आधी डुकरासारखं घोगरं. त्यानं काठी परत फिरवली, पुन्हा तसंच. मग चकती अगदी खाली नेऊन बोटभर, बोटभर सरकवली.

"लोखंड हाय," तो हळूच म्हणाला. "पर त्यात आणिक कायतरी हाय. बारीक वाजतंय. दोन्ही अंगानं सारखंच वाजतंय."

सुगंधानं झारा टाकला आणि हातांनीच उकरायला लागली. मी तिला थांबवलं नाही. मी खाली बसलेही नाही. ओली वाळू परत परत आत ढासळत होती आणि ती परत परत काढत होती. कोपरापर्यंत हात आत गेले तेव्हा तिच्या नखांना लाकूड लागलं.

पाऊण तासात सगळा कोळीवाडा तिथं होता. तांडेल धोतर सावरत आला. जाणत्या पुरुषांनी फावडी आणली, दोर लावून ओढलं. वर आला तो होडीच्या नाळीचा तुकडा, म्हणजे अगदी पुढचं टोक, जिथं खालचा कणा आणि नाळ जोडतात तो भाग. माणसाच्या छातीएवढा उंच. रंगाचा मागमूस नव्हता. शिंपले चिकटले होते. गंजलेले खिळे फुगून वर आले होते. होडी लहान होती एवढं कळत होतं. माझ्या जयवंतची होडीही लहानच होती.

"काशिनाथ मेस्त्रीला बोलवा," कुणी तरी म्हणालं.

आमच्याकडच्या होड्यांबद्दल एक गोष्ट इथं सांगायला पाहिजे. होडी बांधायला घेतली की कण्याला नाळ बसवायच्या आधी सुतार त्या जोडात एक भोक पाडतो. घरातली मोठी बाई त्यात आपल्या अंगावरचं थोडं सोनं घालते. सुतार वर लाकडाची खुंटी ठोकतो आणि डांबर लावतो. काय घातलं, ते ती बाई जाणे आणि सुतार जाणे. घरच्यांनाही सांगायचं नाही, घालतानाही कुणी जवळ थांबायचं नाही. होडी मोडेपर्यंत ते सोनं उघडं पडत नाही. आणि चांगली म्हातारी होऊन होडी मोडली, तर ते नव्या होडीत घालतात.

वाळूवर उभ्या असलेल्या प्रत्येकाला ही रीत ठाऊक होती. म्हणून सगळे माझ्याकडं बघत होते.

मेस्त्री आला. तेव्हाच सत्तरीच्या पुढचा होता. गावातल्या निम्म्या होड्या त्याच्या हातच्या, जयवंतचीही. त्यानं कुणाशी न बोलता लाकडावरून हात फिरवला, शिंपले खरवडले, जोड शोधला. पटाशी लावली. खुंटी कुजली होती, पण सोडत नव्हती. तो ठोकत होता. मी सुगंधाकडं बघत होते. ती वाळूत बसली होती, दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवून. नखं फाटली होती. बोटांतून रक्त येत होतं ते तिला कळतही नव्हतं.

खुंटी निघाली. मेस्त्रीनं भोकात करंगळी घातली आणि बाहेर काढलं ते माझ्या तळहातावर ठेवलं. काळ्या चिकट डांबरात लपेटलेलं. मी पदरानं पुसलं. सोनं दर्यात काळं पडत नाही. मंगळसूत्राची वाटी होती ती, एकच, लहानशी.

"आये?" सुगंधा म्हणाली. "तुमची हाय कं?"

लाटेचा आवाज येत होता. तांडेलनं डोक्यावरची टोपी आधीच काढून हातात घेतली होती.

"माझी हाय," मी म्हटलं.

मेस्त्रीनं पटाशी खाली ठेवली. माझ्या तोंडाकडं बघितलं. मग लोकांकडं वळून म्हणाला, "होय. मीच बसवली होती."

सुगंधाच्या तोंडून जो आवाज निघाला तसा मी त्याआधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. तीन वर्षांचं एकदम बाहेर पडलं. बायका तिला धरायला धावल्या. मी म्हटलं, बाजूला व्हा. मी तिच्यापुढं बसले, माझ्या पदरानं तिचं कपाळ पुसलं. चुडा मीच उतरवला, एकेक बांगडी हाताला लागणार नाही अशी. फोडू दिला नाही कुणाला. तिची बोटं आधीच फाटलेली होती.

यादव लांब खडकावर बसला होता, मशीन मांडीवर आडवं टाकून. त्याला आपण काही पाप केलं असं वाटत होतं. मी जाऊन त्याला म्हटलं, "ऊठ, घरी जा, चहा घे. तू तुझं काम केलंस."

"माफ करा मावशी."

"कशाबद्दल? बुचांबद्दल?"

तेवढ्यात मेस्त्रीनं मोठ्यानं सांगितलं, "हे लाकूड घरी नेऊ नका आणि इथंही ठेवू नका. पुतळ्याबरोबर जाळायचं." म्हाताऱ्या माणसाचा शब्द, कुणी का म्हणून विचारलं नाही.

दुपारी मी मागच्या अंगणात सुके बोंबील उलटत होते. सुतकात कामाला हात लावू नये म्हणतात, पण हातांना कोण सांगणार? मेस्त्री कुंपणाच्या फटीतून आला.

"मथू."

"बोल."

"तू नथीची तार घातली होतीस. वेटोळं करून. मी म्हटलं होतं, नथ कशाला मोडतेस, दुसरं काय तरी दे. तू म्हणालीस, रांडमुंड बाईला नथ काय करायची?"

"ठाऊक हाय मना."

"ते लाकूड माझ्या हातचं नाय. माझी खुंटी चौकोनी असते. ती गोल होती. ती होडी आपल्याकडची नायच, खालच्या अंगाची असावी, रत्नागिरीकडची."

"मग सकाळी का बोलला नाहीस?"

"तू का बोललीस?"

मी आतल्या खोलीकडं बोट केलं. दार अर्धं उघडं होतं. सुगंधा जमिनीवर तशीच झोपली होती, बापाच्या पंच्याची उशी करून, तोंड उघडं टाकून. लहान पोर रडून रडून झोपतं तशी.

मेस्त्रीनं तिकडं बघितलं. मग म्हणाला, "आणि उद्या जयवंत आला तर?"

"तर मी हाय ना, शिव्या खायला. येऊ दे तर खरं."

तो कुंपणाला टेकला. विडी काढली, पेटवली नाही. "ती वाटी घालणारी बाई, मथू. सवाशीण बाई वाटी काढून देत नाय."

"मना शिकवतोस?" मी म्हटलं. सकाळी पदरानं पुसताना माझ्या ते ध्यानात आलं होतं. नवरा गेल्यावर उतरवलेल्या मंगळसूत्राची वाटी होती ती. कुणी तरी माझ्यासारखीच, एकटीनं पोरगा वाढवलेली. त्याला होडी बांधून दिलेली. कुठल्या तरी गावात तीही म्हणत असेल, माझा पोरगा जिता हाय.

"तिला कळवायचं कसं?" मेस्त्री म्हणाला.

"कळवायचं नाय," मी म्हटलं. "तिला कळवलं तर हिचं परत सुरू होईल."

मेस्त्री गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत त्यानं तोंड उघडलं नाही. सुगंधाचं पुढच्या वैशाखात त्या बर्फवाल्याशी लग्न झालं. मीच उभी राहिले, मीच तांदूळ टाकले. दोन पोरी आहेत तिला. दोघी मला आजी म्हणतात आणि फोनवर खोट्या खोट्या शिव्या मागतात. आता कुणाचं बिघडायचं राहिलेलं नाही, म्हणून सांगते.

पण दहाव्याचं सांगायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दर्भाचा पुतळा केला. मेलेल्याच्या तोंडात सोनं ठेवतात. मी ती वाटी पुतळ्याच्या तोंडात ठेवली आणि त्या लाकडासकट तो जाळला. आईनं आपलं सोनं लेकाला दिलं, म्हणून बायका रडल्या.

दहाव्याला खाडीकाठी पिंड मांडला. आमच्या गावचे कावळे माशाला सोकावलेले, हातातला तुकडा ओढून नेतील असे. वाळत घातलेल्या बोंबलांच्या काठ्यांवर ते रांगेनं बसले होते, आणि एकही खाली उतरेना. भातावर ऊन आलं. भटजी घड्याळ बघायला लागला. लोक कुजबुजायला लागले, जयवंतचा जीव अडकलाय कशात तरी.

मग रीतीप्रमाणं एकेक जण हात जोडून बोलायला लागला. तांडेल म्हणाला, "पोरीचं चांगलं करीन, जावयबापू, काळजी करू नका." कावळा आला नाही. त्या दिवशी तापानं पडलेला जयवंतचा खलाशी रडत रडत म्हणाला, "जयवंत, तुझ्या आयशीला मी मासा घालीन, जगेन तोवर." नाही आला. सुगंधा पुढं झाली. "आयेंना अंतर देणार नाय," ती म्हणाली. "कुठंही गेले तरी त्यांची राहीन." एक कावळा काठीवरून उठला, वर घिरटी घातली आणि परत काठीवर जाऊन बसला.

सगळे माझ्याकडं वळले. मेस्त्री मागं उभा होता, त्यानं तेवढी मान खाली घातली.

"मथूबाय, तू बोल," भटजी म्हणाला. "त्याचा जीव तुझ्यात असणार."

मी पुढं गेले. हात जोडले. मोठ्यानं काही बोलले नाही. मनातच म्हटलं, बाबा, तू कोण, कुठला, मला ठाऊक नाही. तुझ्या आईला मी बघितलेलं नाही. तिला कुणी सांगणारही नाही, ते मी माझ्या अंगावर घेतलंय. ती तुझी वाट बघणार. तुझ्यापुढं तिच्या हातचा भात कधी यायचा नाही. हा माझ्या हातचा आहे. पोरा, तुझाच आहे, दुसऱ्या कुणाचा नाही. जेव.

डोळे उघडायच्या आत पंखांचा आवाज झाला.

"घेतला! घेतला!" लोक ओरडले. कावळा भाताची शितं उडवत खात होता, त्याच्या मागून आणखी दोन उतरले. सुगंधानं माझ्या पायांना मिठी मारली. "आये, तुमचं ऐकलं त्यांनी. तुमचं नेहमी ऐकायचे ते."

"ऐकलं, बाय," मी म्हटलं. "ऊठ. आंघोळ कर, आणि दोन घास खा आता."

त्या परक्या बाईच्या लेकाचं सुतक मी तेराव्यापर्यंत नीट पाळलं. माझ्या लेकाचं अजून धरलेलं नाही.